टाकीच्या भिंतीला पाणी किती रेटतं?

आम्ही ठाण्यात कोपरीला सातव्या मजल्यावर राहतो, म्हणजे टाकी अगदी डोक्यावर, तरी आमच्या नळाला करंगळीएवढी धार आणि तळमजल्यावाल्यांनी नळ सोडला की पाणी अंगावर उडतं. कारण दाब खोलीवर ठरतो, दर 10 मीटरला साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, टाकी रुंद की अरुंद याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता हीच टाकी स्टीलची समजा आणि कॉम्प्युटरवर तपासायची, आमचं वागळे इस्टेटमधलं रोजचं काम. प्लेट पातळ असते म्हणून शेल एलिमेंट घेतात, म्हणजे नुसता पृष्ठभाग काढायचा, जाडी आकड्यात भरायची आणि त्याचे चौकोनी तुकडे पाडायचे, झाला मेश. पाणी 3 मीटर असेल तर वर दाब शून्य आणि तळाशी 29.4 किलोपास्कल, चौरस मीटरला जवळपास 3 टन! नवीन पोरं हमखास सरासरी काढून 14.7 सगळ्या भिंतीला लावून मोकळी होतात. गंमत म्हणजे एकूण जोर बरोबर येतो, मीटरभर रुंदीला 44.1 किलोन्यूटन, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. पण खऱ्या पाण्याचा जोर तळापासून 1 मीटरवर एकवटतो, या सरासरीचा दीड मीटरवर, म्हणजे तळाचा मोमेंट (जोर गुणिले तळापासूनचं अंतर, भिंतीला वाकवतो तो) दीडपट फुगला, आणि तळाच्या पट्टीला मात्र दाब खऱ्याच्या निम्माच मिळाला. दोन्हीकडून चूक.

भिंतीचे 3 पट्टे करून प्रत्येकाला त्याच्या मध्यावरचा दाब दिला तर मोमेंटमधली चूक साडेपाच टक्क्यांवर येते, 12 केले तर अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यापेक्षा सरळ सूत्र द्यावं, पाण्याची पातळी वजा त्या बिंदूची उंची, गुणिले 9.81, सॉफ्टवेअर प्रत्येक नोडला, म्हणजे तुकड्यांच्या कोपऱ्याला, आपापला दाब देतं. फक्त शेलच्या नॉर्मल, म्हणजे प्रत्येक तुकड्याला काटकोनातल्या दिशा, सगळ्या एकाच बाजूला आहेत ना ते बघा, एखादी उलटी असली की तेवढ्याच तुकड्यात पाणी भिंतीला आत ओढतं.

मी स्वतः आपटलो ते वेगळ्याच ठिकाणी. भिंत साडेतीन मीटर, पाणी तीनच, आणि सूत्र पूर्ण भिंतीला लावलेलं. पाण्याच्या वरच्या अर्ध्या मीटरात उंची पातळीपेक्षा जास्त, म्हणजे उत्तर मायनस, म्हणजे हवा भिंतीला आत खेचतेय! रंगीत चित्र छानच दिसत होतं, रिअॅक्शनची, म्हणजे आधारांनी उलट दिलेल्या जोराची, बेरीज केली तर 44.1 ऐवजी 42.9, ते सव्वा किलोन्यूटन कुठे गेलं हे शोधण्यात अर्धा दिवस गेला आणि दुपारचा डबा तसाच राहिला. उपाय काय, तर सूत्रात मायनस आलं की शून्य धर, एवढीच अट टाकायची होती.