महिला विम्बल्डनची विजेती आधी ओळखता येते का?

कुस्ती आणि फुटबॉलच्या कोल्हापुरात टेनिसची चर्चा एरवी बेताचीच असते. मात्र २०२२ मध्ये विम्बल्डनने प्रथमच भरवलेल्या १४ वर्षांखालील स्पर्धेत कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळली, आणि ते हिरवळीचे मैदान इथल्या क्रीडारसिकांना परके राहिले नाही. जुलैच्या पावसात महिलांचा अंतिम सामना जवळ आला की ‘यंदा कोण मारणार?’ हा प्रश्न इथेही निघतो. त्यावर ‘महिला टेनिसमध्ये काही सांगता येत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. इतिहास पाहिला तर हे उत्तर अर्धेच खरे ठरते.

महिला एकेरी १८८४ मध्ये सुरू झाली आणि त्या पहिल्याच अंतिम सामन्यात मॉड वॉटसनने आपली बहीण लिलियन हिला हरवले. पुढे १८८६ पासून १९२१ पर्यंत गतविजेती थेट शेवटच्या लढतीतच उतरत असे. बाकीच्या खेळाडू आपापसांत लढून तिची प्रतिस्पर्धी ठरवीत. म्हणजे अंतिम सामन्यातील एक नाव वर्षभर आधीच ठाऊक असायचे. ही सवलत १९२२ मध्ये गेली, आणि १९२७ पासून गुणवत्तेनुसार मानांकन देण्याची पद्धत आली.

मानांकनाचा हेतू आपल्याकडच्या कुस्ती मैदानाच्या नेमका उलट आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जाणकार मंडळी मल्लांचे वजन, तयारी आणि आधीच्या लढती पाहून बरोबरीची जोड लावतात; टेनिसमध्ये मात्र तुल्यबळ खेळाडूंची गाठ लवकर पडू नये म्हणून त्यांना सोडतीत, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याच्या मांडणीत, मुद्दाम दूर ठेवले जाते. त्यामुळे मानांकन हेच संयोजकांनी जाहीर केलेले पहिले अधिकृत भाकीत म्हणता येईल, आणि १९२७ मध्ये ते अचूक ठरले: अव्वल मानांकित हेलन विल्स जिंकली. तिने ही स्पर्धा एकूण आठ वेळा जिंकली. १९७५ पर्यंत क्रमवारी म्हणजे क्रीडा पत्रकारांच्या याद्या होत्या. संगणकावर काढलेली महिलांची क्रमवारी त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आली आणि ख्रिस एव्हर्ट तिच्यातली पहिली अव्वल खेळाडू ठरली.

त्यानंतरची दोन दशके भाकीत करणाऱ्यांना सोपी गेली. मार्टिना नवरातिलोव्हा १९८२ ते १९८७ सलग सहा वेळा जिंकली, आणि १९८८ मध्ये तिला हरवणाऱ्या स्टेफी ग्राफने एकूण सात विजेतेपदे मिळवली. आजच्या अनिश्चिततेचे खापर अनेकजण महिलांच्या जास्तीत जास्त तीन सेटच्या सामन्यावर फोडतात (पुरुषांचा पाच सेटचा असतो), परंतु नवरातिलोव्हा आणि ग्राफही तीन सेटचेच सामने खेळत होत्या. शिवाय साधे गणित मांडून पाहावे. एखादीची प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर तीन सेटचा सामना ती जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के येते आणि पाच सेटचा सुमारे ६८. एवढ्याशा फरकाने इतिहास पालटत नाही.

खरी अडचण हिरवळीची आहे. क्रमवारीत वर्षभराचे गुण मोजले जातात आणि त्यातले बहुतेक हार्ड कोर्टवर व मातीवर मिळवलेले असतात. विम्बल्डनपूर्वी हिरवळीवरचा हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा. त्यातच, वर्षानुवर्षे एकहाती सत्ता गाजवणारी खेळाडू सेरेना विल्यम्सनंतर या मैदानावर झालेली नाही. तिच्या २०१६ च्या विजेतेपदानंतर २०२५ पर्यंत झालेल्या आठ स्पर्धांना आठ वेगवेगळ्या विजेत्या मिळाल्या. त्यांत अव्वल मानांकित एकटी अ‍ॅश बार्टी (२०२१), तर २०२३ ची मार्केता वोंद्रुसोव्हा बिगरमानांकित होती. खुद्द सेरेना २०१८ मध्ये बाळंतपणानंतर परतली तेव्हा क्रमवारीत १८३ वी होती. संयोजकांनी तिला जुन्या कामगिरीच्या जोरावर २५ वे मानांकन दिले, त्यावर टीकाही झाली, आणि ती थेट अंतिम फेरीत पोहोचली. तिथे मात्र अँजेलिक केर्बरकडून हरली.

क्रमवारीची ही उणीव भरून काढण्यासाठी विश्लेषक आता बुद्धिबळातून आलेली एलो पद्धत वापरतात. तीत कोणत्या फेरीत जिंकलात यापेक्षा कोणाला हरवलेत याला महत्त्व असते, आणि प्रत्येक प्रकारच्या मैदानासाठी वेगळा आकडाही काढता येतो. माझ्या मते सामान्य प्रेक्षकाने एवढे न करता त्याच जूनमधले हिरवळीवरचे निकाल पाहिले तरी पुष्कळ कळते. इगा श्वियाँतेक २०२५ मध्ये आठवी मानांकित होती आणि विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपुढे ती तोवर कधीच गेलेली नव्हती. पण त्याच्या आधीच्याच आठवड्यात जर्मनीतल्या बाड होम्बुर्गला ती हिरवळीवर प्रथमच अंतिम फेरी खेळली होती. दावेदारांत तिचे नाव घेण्याइतका पुरावा तेवढ्यात होता. अंतिम सामन्याचा आकडा मात्र आधी ओळखता आला नसता: अमांडा अनिसिमोव्हाला तिने ५७ मिनिटांत ६-०, ६-० असे हरवले. महिला विम्बल्डनच्या निर्णायक लढतीत असा निकाल त्याआधी फक्त १९११ मध्ये लागला होता.