शोधशब्दांची पार्श्वभूमी : कागदातला शब्द कोण ओळखणार?

जुना शासन निर्णय, एखादा शोधनिबंध किंवा गॅझेटियरमधलं पान हवं असेल तर आज आपण संगणकावरच्या शोधाच्या चौकटीत तीन-चार शब्द टाकतो. ते कोणते टाकावेत, ही चिंता पूर्वी वाचकाची नव्हती. ग्रंथपाल प्रत्येक कागदाचा विषय आधीच ठरवून ठेवी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेलं द्विबिंदू वर्गीकरण ही या विचाराची फार देखणी बाजू. वस्तू कोणती, तिच्यावर क्रिया काय, स्थळ कुठलं, काळ कुठला, अशा पैलूंत विषय फोडायचा आणि मग जोडायचा. शोध घेण्याआधी आजही कागदावर एवढं लिहून काढलं तरी निम्मं काम होतं.

या व्यवस्थेची परीक्षा इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला झाली. तिथल्या विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस १८,००० कागदपत्रांची चार वेगवेगळ्या पद्धतींनी सूची करवून घेतली. त्यांतली एक पद्धत रंगनाथन यांच्या पैलूविचारावर उभी होती. पुढे १,४०० निबंधांवर दुसरी चाचणी झाली आणि १९६६ मध्ये तिचा अहवाल आला. तज्ज्ञांनी नेमून दिलेल्या विषयशीर्षकांपेक्षा निबंधातूनच उचललेले साधे सुटे शब्द सरस ठरले होते. अनेकांना ते पटेना. याच कामातून दोन मापं रूढ झाली : हवे असलेल्यांपैकी किती कागद हाती आले, आणि हाती आलेल्यांपैकी किती खरोखर कामाचे निघाले. जाळं मोठं टाकलं की पहिलं वाढतं आणि सहसा दुसरं घसरतं. शोधशब्द कमी-जास्त करताना आपण आजही हाच तोल सांभाळत असतो.

१९७१ मध्ये मेडलाइन ही वैद्यकीय निबंधांची सेवा दूरसंचाराने जोडली गेली. अशा सेवांवर 'आणि', 'किंवा', 'नाही' या जोडशब्दांनी प्रश्न बांधला जाई. ते तर्कशास्त्र गणिती जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलेलं. व्यापारी सेवांमध्ये जोडणीच्या वेळेचे पैसे पडत, म्हणून प्रशिक्षित ग्रंथपाल प्रश्न आधी कागदावर घोटून घेत. १९७२ मध्ये केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवलं, की थोड्याच कागदांत येणाऱ्या शब्दाला जास्त वजन द्यायला हवं. 'योजना' हजारो ठिकाणी सापडेल, 'पाझर तलाव' मोजक्या. म्हणून आधी दुर्मीळ शब्द धरायचा. १९९०च्या दशकात वेबची शोधयंत्रं आली आणि मधला ग्रंथपाल नाहीसा झाला.

मराठीत शोधणाऱ्याचं ओझं इथे जास्तच वाढतं. 'पाऊस' टाकला तर 'पावसाने', 'पावसात' अक्षरशः जुळत नाहीत, कारण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. 'विहीर'ची 'विहिरीत' होताना वेलांटीही ऱ्हस्व होते. काही शोधयंत्रं हे सांभाळून घेतात, पण पीडीएफमधला साधा शोध सांभाळून घेत नाही. तिथे दोन्ही रूपं टाकावी लागतात. 'शेतकऱ्यांचा'मधला ऱ्य तर दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना सारखाच, संगणकाच्या लेखी वेगळा. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण पद्धतीच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, तरी पुढे कित्येक वर्षं मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत टंकला गेला. तो पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र भलतीच चिन्हं असतात. असा कागद देवनागरी शब्दाने सापडतच नाही. आपल्या भाषेतला एवढा मजकूर असा हाताशी असून अदृश्य राहावा, याचं मला फार वाईट वाटतं. २००८ पासून 'फायर' या भारतीय भाषांच्या शोध-चाचण्यांत मराठीचाही समावेश झाला, हे निदान चांगलं झालं.

शिवाय शब्दही काळाबरोबर बदलले. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधीच्या छपाईत 'काही' नव्हे, 'कांहीं' शोधावं लागतं. जिल्ह्यांची नावं बदलली. अलिबागकडच्या खारबंदिस्तीवरचा (खारं पाणी अडवणाऱ्या बांधांवरचा) १९५०च्या दशकातला कागद 'रायगड जिल्हा' टाकून मिळणं अवघड, कारण १९८१ पर्यंत तो जिल्हा कुलाबा होता. तिथे 'कुलाबा' आणि 'खार जमीन' हे शब्द टाकून पाहावेत, आणि इंग्रजी कागदांसाठी 'खारलँड' रोमन लिपीत, जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे.