जुन्या संगणकाचा प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे

छंद म्हणून जपलेल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर मूळ प्रोसेसरऐवजी वेगवान प्रोसेसर बसवणे आणि त्याला पेलेल अशी नंतरची ऑपरेटिंग सिस्टीम टाकणे, ही दोन कामे सहसा जोडीने केली जातात. मदरबोर्डच बदलला तर मात्र जुन्या खोक्यात नवा संगणक ठेवल्यासारखे होते. त्याला अपग्रेड म्हणणे कठीण.

१९८१ च्या आयबीएम पीसीतला ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ हा इंटेलचा प्रोसेसर काढून त्याच सॉकेटमध्ये एनईसी या जपानी कंपनीचा व्ही२० बसवता येई. पायांची मांडणी तीच, काम थोडे चपळ. खरी चंगळ झाली ती इंटेलच्या ३८६ नंतर आलेल्या ४८६ या प्रोसेसरच्या काळात. त्याच्या १९९२ च्या डीएक्स२ या प्रकाराने बोर्ड ३३ मेगाहर्ट्झवरच ठेवून चिपच्या आत दुप्पट, म्हणजे ६६ चा वेग दिला. १९९५ मध्ये एएमडीच्या एएम५एक्स८६ ने तोच ३३ चौपट करून १३३ गाठले. गंमत म्हणजे बोर्डावर चौपटीचा जंपर (दोन पिना जोडून सेटिंग ठरवणारी छोटी टोपी) नसतोच. दुपटीचा लावला की ही चिप त्याचा अर्थ चौपट असा घेते.

चिप बसवताना सॉकेटचा दांडा उचलायचा आणि चिपचा कापलेला कोपरा सॉकेटच्या खुणेशी जुळवायचा. सॉकेट ३ ला २३७ भोके आणि चिपला १६८ पाय, त्यामुळे चारही बाजूंनी एकेक ओळ रिकामी राहते. ती पाहून नवखा माणूस हमखास बिचकतो. घाबरायचे ते व्होल्टेजला: आधीचे ४८६ पाच व्होल्टवर चालत, एएम५एक्स८६ ला ३.४५ लागतात. बोर्डावर तशी सोय नसेल तर व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर मध्ये घालावाच लागतो. त्याआधी बोर्डावरची जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली आहे का, हेही पाहून घ्यावे; तिचा रस तांब्याच्या रेषा खातो.

ऑपरेटिंग सिस्टीमला नुसता वेग पुरत नाही. विंडोज ९५ ला कागदोपत्री ३८६ डीएक्स आणि ४ एमबी रॅम चाले, विंडोज ९८ ने ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ आणि १६ एमबी मागितले. विंडोज एक्सपी मात्र १३३ च्या चिपवरही चालत नाही, कारण तिला लागणारी एक आज्ञा ४८६ ला ठाऊकच नाही. लिनक्सनेही २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ३८६ ची साथ सोडली. शिवाय जुन्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, ५०४ एमबीपलीकडची डिस्क दिसत नाही. कमोडोर कंपनीच्या अमिगा ५०० या घरगुती संगणकाची तऱ्हा वेगळी: तिच्या सिस्टीमचा गाभा रॉममध्ये, म्हणजे कायमची माहिती साठवलेल्या चिपमध्ये, असल्याने नवी आवृत्ती टाकायची तर स्क्रूड्रायव्हर घेऊन रॉमची चिपच बदलावी लागते.

वेग जास्त झाल्यानेही सॉफ्टवेअर अडते. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेले कित्येक प्रोग्राम सुरू होताना एक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा आज्ञांचा संच) ५५ मिलिसेकंदांत किती वेळा फिरतो ते मोजून भागाकार करतात. प्रोसेसर फार वेगवान असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि ‘रनटाइम एरर २००’ येऊन प्रोग्राम बंद पडतो. हा एरर ‘शून्याने भागाकार’ या नावाने येतो, शून्य मात्र कुठेच नसते. विंडोज ९५ देखील एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या के६-२ प्रोसेसरवर सुरू होतानाच अडखळे. त्यासाठी पॅच काढावा लागला. डॉसच्या जुन्या खेळांसाठी तर काही जण आवडीने बसवलेल्या चिपची कॅश (आतली वेगवान स्मृती) बायोसमधून बंद करून तिला पुन्हा ३८६ च्या चालीवर आणतात.