‘वृद्धाने व्यायाम सोडावा’ ते ‘हात न टेकता उठा’

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात एक ओळ आहे : ‘वातपित्तामयी बालो वृद्धोऽजीर्णी च तं त्यजेत्.’ वातपित्ताचा रोगी, लहान मूल, म्हातारा आणि अपचन झालेला, या चौघांनी व्यायामाच्या वाटेला जाऊ नये. पहाटे कमाटीबागेत फेऱ्या मारणाऱ्या बडोद्याच्या पेन्शनरांना ही ओळ ऐकवली तर ते हसतील. पण त्यांच्याच घरी सुनेने ‘बाबा, तुम्ही राहू द्या, मी पाणी भरते’ म्हटलं की कळशी खाली ठेवून ते झोपाळ्यावर जाऊन बसतात. ग्रंथ कोणी वाचलेला नसतो, पण सल्ला मुरलेला असतो.

गंमत म्हणजे आयुर्वेदातही यावर एकमत नव्हतं. सुश्रुत म्हणतो, व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकदम झडप घालत नाही. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करा, नाहीतर रोग ओढवून घ्याल, असंही तो बजावतो. आणि किती करायचा? निम्म्या बळाने. निम्मं बळ ओळखायचं कसं, याची खूणही त्याने दिली आहे : छातीतला वारा तोंडाशी येऊ लागला की थांबा. म्हणजे धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागण्याची ती वेळ. आजचे डॉक्टर हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. चालताना बोलता यावं, गाता मात्र येऊ नये, इतका वेग मध्यम समजायचा.

बडोद्यात व्यायामाचा इतिहास तालमींचा आहे. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्यांच्या नावाचं, ते जुम्मादादा मुसलमान वस्ताद, आणि त्यांची गादी पुढे चालवली मराठी शिष्याने, प्रोफेसर माणिकरावांनी. सयाजीराव महाराजांच्या राज्यात माणिकरावांना ‘राजरत्न’ म्हणत. लाठी, मल्लखांब, सांघिक कवायत यांबरोबर हाडं बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली डभोईचा एक मुलगा तयार झाला, जगन्नाथ गणेश गुणे. पुढे हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ काढून त्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेलं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही याच गावातून निघाला. एका संस्थानी शहराने व्यायामावर दहा खंड छापावेत, हे मला अजूनही नवल वाटतं.

मात्र या सगळ्या धामधुमीत डोळ्यांसमोर होता तो तरुण गडी. दंड, जोर, बैठका राष्ट्र घडवण्यासाठी होत्या, गुडघे टिकवण्यासाठी नव्हे. तालमीत पिकल्या केसांचा माणूस दिसायचा तो वस्ताद म्हणून, आणि त्याने वेगळा ‘ज्येष्ठांचा व्यायाम’ केलेला नसायचा. त्याने फक्त थांबणं टाळलेलं असायचं. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या बैठका घरात होत होत्या आणि त्यांना कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. पाटावर जेवायला बसा, उठा. जात्यापाशी बसा, उठा. पंगतीत वाढायला वाका. दिवसातून तीस-चाळीस वेळा जमिनीवरून उठणारी आजी मांडीचे स्नायू राखून होती. मग टेबल आलं, ओटा उंच झाला, कमोड आला, लिफ्ट आली. सोय झाली, यात वाद नाही. पण बैठका गेल्या त्या गेल्याच.

त्यात डॉक्टरी सल्ल्याचीही भर पडली. हृदयविकाराचा झटका आला की कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहायचं, हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा शिरस्ता. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लीव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून दाखवलं, तेव्हा तो धाडसाचा प्रकार वाटला. आमच्या आजोबांना मात्र त्यानंतर वीस वर्षांनीही गावातल्या एका डॉक्टरने दीड महिना उठू दिलं नव्हतं. झटक्यातून ते वाचले, पण नंतर जिना कधी चढले नाहीत.

पडून राहण्याची किंमत किती, हे १९६६ मध्ये डॅलसला कळलं. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं आणि त्यांचा दम, म्हणजे श्रम झेपण्याची क्षमता, तपासला. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा आले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम घालवला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घालवला होता. मग सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, धावणं, सायकल असं करून घेतलं, आणि वयाने गेलेला दम भरून आला.

त्याआधी १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधली नोंद मांडली होती : दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. हा माणूस स्वतः नव्याण्णव वर्षं जगला.

पण माझ्या मते खरं वळण दमाचं नाही, ताकदीचं आहे. चाला, हे म्हाताऱ्यांना सांगणं सोपं. वजन उचला, हे सांगायला कोणी धजत नव्हतं. १९९० मध्ये मारिया फियातरोने यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना पायाने वजन उचलायला लावलं. नुसतं हलवायला नव्हे, चांगलं जड. आठ आठवड्यांनी पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, दोघांनी काठी सोडली होती. व्यायाम बंद केल्यावर चार आठवड्यांत त्यातली ३२ टक्के ताकद गेली, हेही लक्षात ठेवण्यासारखं. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायामाशिवाय नुसता पोषक पूरक आहार दिला होता. त्याने स्नायूंचा अशक्तपणा हटला नाही. वाढदिवसाला आई-वडिलांना पावडरचा डबा नेणाऱ्यांनी हे वाचावं.

वयाने स्नायू झिजतात याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळालं तेही १९८० च्या दशकाच्या अखेरीस, अर्विन रोझेनबर्ग यांच्याकडून. नाव नव्हतं तोवर ती ‘वयाची गोष्ट’ होती. २०१४ मध्ये अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांना घेऊन केलेल्या चाचणीत नियमित चालणं आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्या गटात चालण्याची क्षमता गमावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली, पण तेवढ्यावर थांबली नाही : दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि पडू नये म्हणून तीन दिवस तोल सांभाळण्याचा. कमाटीबागेतल्या फेऱ्या पहिल्या अटीत बसतात. उरलेल्या दोन अटी बहुतेकांच्या राहून जातात.

दहा हजार पावलांचं खूळही सांगून टाकतो. तो आकडा १९६५ च्या सुमाराच्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत मृत्यूचं प्रमाण ४,४०० पावलांपाशीच कमी झालेलं दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला.

आमच्या समोरच्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. परवा त्यांना म्हटलं, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून दाखवा. पहिल्या वेळी त्यांनी हात मांडीवर रेटला. दुसऱ्यांदा पुढे झुकल्या, पाय थोडे मागे घेतले आणि उठल्या. तिसऱ्यांदा तोंडाने श्वास आला. ‘एवढंच?’ म्हणाल्या. सुश्रुताची खूण बरोबर तिथेच होती, म्हणून थांबवलं. आता रोज सकाळी देवपूजेआधी तीन करतात, पाटावरून नव्हे, खुर्चीवरूनच. पाट माळ्यावर आहे, आणि तो काढायला त्या मला सांगतात.