सणाचा लोगो करायला देण्याआधी एवढं वाचा

आखाजी (आमच्याकडची अक्षय्य तृतीया), पोळा, कानबाई (खानदेशातल्या देवीचा सण), दिवाळी. गिऱ्हाइकाच्या लोगोला सणापुरती सजावट करून द्यायचं काम आम्ही करतो. सण आला की धुळ्यातल्या आमच्या डिझाइनच्या दुकानाच्या फोनवर ठरलेला मेसेज येतो : "भाऊ, लोगो धाडेल शे. सण सकाय शे." म्हणजे लोगो पाठवलाय, सण उद्या आहे. आणि खाली डीपीचा स्क्रीनशॉट.

त्या स्क्रीनशॉटवर काम होत नाही. आम्हाला ओपन फाईल, म्हणजे अक्षरं सुटी करता येतील आणि कितीही मोठी केली तरी फुटणार नाही अशी मूळ फाईल लागते : सीडीआर, एआय, ईपीएस किंवा एसव्हीजी. डीपी, व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, दुकानाच्या पाटीचा फोटो यातली अक्षरं सुटी करता येत नाहीत, आणि फ्लेक्सवर मोठा केला की लोगो फुटतो. काही जण जेपीजी फोटो कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) टाकून सीडीआर म्हणून सेव्ह करतात. नाव बदलतं, आतला माल तोच. फाईल उघडून खूप झूम करा. कडा धारदार राहिल्या तर ओपन फाईल, पायऱ्या दिसल्या तर फोटो.

मागच्या पोळ्याला एका केळी पॅकिंगवाल्यांनी रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवला. खोक्याची घडी नेमकी रफारावरून गेलेली. लोगोतल्या फणीत केळी किती, तेही फोनवर नक्की सांगता येईना. अडीच तास बसून लोगो पुन्हा काढला. मग कडेच्या दोन केळ्यांची बैलाची शिंगं केली, हिंगूळ लावला, टोकांना गोंडे बांधले. याला वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याला ईमेलमध्ये सीडीआर सापडली! म्हणून लोगो नव्याने काढण्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो. त्यावर घासाघीस करण्यापेक्षा लोगो पहिल्यांदा ज्यांनी केला त्यांना, किंवा खोकी-पिशव्या छापणाऱ्याला एक फोन करा. बहुतेक वेळा फाईल तिथेच निघते.

मराठी लोगो असेल तर अक्षरं 'कन्व्हर्ट टू कर्व्हज' करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकार बनवून मागा. आमच्याकडे तो फॉन्ट नसला तर काना-मात्रा भलतीकडे जातात. कोरलची फाईल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

"अक्षरंच बदलून टाका ना," असंही सांगतात. आम्ही शक्यतो सजावट अक्षरांच्या आजूबाजूला करतो. गूगलने १९९८ साली पहिलं डूडल (खास दिवसाला सजवलेला लोगो) केलं तेव्हा नावातल्या दुसऱ्या 'ओ'मागे फक्त एक काडीचा माणूस उभा केला होता. मालक बर्निंग मॅन महोत्सवाला गेलेत, एवढंच त्यातून सांगायचं होतं. आज ते अख्खी चित्रं काढतात, कारण त्यांचं नाव जगाला पाठ आहे. आपलं नाव अजून चार तालुक्यांत वाचलं जायचंय. आखाजीला नावाच्या वरच्या रेघेला झोका बांधला तरी सासुरवाशिणीला माहेर आठवतं.

दोन कामं आम्ही घेत नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला तिरंग्यावर दुकानाचं नाव लिहून देत नाही. ध्वजसंहितेत झेंड्यावर अक्षरं लिहिणं आणि जाहिरातीत झेंडा वापरणं, दोन्हींना मनाई आहे. आणि कानबाईचा मुखवटा लोगोत बसवत नाही. स्टेटसपुरता म्हणून केलेला लोगो पुढे कॅरीबॅगवर जातो आणि कॅरीबॅग पायाखाली येते. यावरून एक-दोन गिऱ्हाईकं नाराज झाली, होऊ द्या.

चांगली फाईल आणि चार दिवस हाती असले तर स्टेटस, डीपी आणि फ्लेक्स अशा तिन्ही मापांत लोगो देतो. सोबत ओपन फाईल न मागता पेनड्राइव्हवर मिळते. पुढच्या सणाला ती घेऊन दुसरीकडे गेलात तरी आमची हरकत नाही. अजून तरी फारसं कोणी गेलेलं नाही. आखाजीची कामं गुढीपाडव्यापासून घेतो.

सण उलटला की मूळ लोगो परत लावायची आठवणही आम्ही मेसेज करून देतो. एका दुकानाच्या डीपीवर आकाशकंदील होळीपर्यंत लटकत होता.