‘स्नायू’ नेमका कोणता? हाडं हलवणाऱ्या शब्दाची पार्श्वभूमी

गुडघा दुखावला की डॉक्टर एमआरआय बघून सांगतात, ‘स्नायू ठीक आहेत, लिगामेंट गेलंय.’ सुश्रुतसंहितेच्या परिभाषेत हे वाक्य साफ उलटं पडेल. तिथे जे तुटलंय, म्हणजे हाडाला हाड बांधणारा दोर, त्यालाच स्नायू म्हणतात.

त्या ग्रंथात 300 अस्थी, 210 संधी, 900 स्नायू आणि 500 पेशी मोजल्या आहेत. आज प्रौढ माणसाची हाडं 206 धरतात. तिथे दात आणि कूर्चाही अस्थींतच आहेत, त्यामुळे आकडा फुगतो. स्नायू म्हणजे बांधणारे दोर: फळ्या दोरांनी नीट बांधल्या की नाव पाण्यावर माणसांचं ओझं पेलते, तसे स्नायूंनी सांधे बांधले म्हणून शरीर भार सोसतं, असा दाखला दिला आहे. मांसाचे गोळे ते पेशी.

मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘पेशी’ सूक्ष्मदर्शकाखालच्या घटकाला दिला, ‘स्नायू’ मांसाला, आणि खऱ्या दोरांसाठी ‘अस्थिबंध’ (लिगामेंट) व ‘कंडरा’ (मांस हाडाला जोडणारा दोर) आणले. हिंदीने मांसपेशी जागेवर ठेवून ‘कोशिका’ वेगळी काढली. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. (ग्रीकांचीही हीच गत: ‘न्यूरॉन’ आधी धनुष्याची दोरी, नंतर मज्जातंतू.) आपली वाटणी मला तरी घाईची वाटते. ‘स्नायुपेशी’ हा आपला रोजचा शब्द जुन्या वैद्याला ऐकवला, तर तो विचारेल, दोर म्हणताय की मांस? अस्थिबंध परीक्षेपुरता उरला. बोलताना लिगामेंट, नाहीतर सरसकट ‘नस’. पोटरीत गोळा आला तरी नसच चढते. दंडाच्या बेटकुळीला मात्र कोणी धक्का लावला नाही.

ही बेटकुळी हाड कशी हलवते, हे गणिताने मांडलं गेलं 1680 च्या सुमारास, इटलीत. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून कोपर वाकवायला पुढचा, सरळ करायला मागचा. हा पुढचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर जोडलेला, आणि हातातली पिशवी तीसेक सेंटिमीटरवर. म्हणजे कोपर काटकोनात ठेवून पाच किलोचं ओझं धरायला त्याला सातपटीहून जास्त जोर लागतो. तोट्याचा सौदा दिसतो खरा, पण स्नायू जरासा आखडला की हात भरपूर फिरतो, हा फायदा.

पुढे 1791 मध्ये, इटलीतच, मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेने झटका बसतो हे छापून आलं. स्नायू आखडतो कसा, हे आतलं कोडं 1954 ला सुटलं: दोन स्वतंत्र गटांनी एका विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दाखवलं की स्नायूतले तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात.

हाड मात्र बराच काळ नुसता खांब समजलं गेलं. जसा भार तशी हाडाची घडण, हा नियम 1892 मध्ये जर्मनीत मांडला गेला. त्याची सर्वांत कडक परीक्षा अवकाशात झाली. तिथे शरीराचं वजनच हाडांवर पडत नाही. पुरेसा व्यायाम नसेल तर कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. म्हणून अवकाशस्थानकावर रोजच्या वेळापत्रकात दोन-अडीच तास व्यायामासाठी राखलेले असतात, आणि पट्ट्यांनी खाली ओढून घेतल्याशिवाय तिथल्या ट्रेडमिलवर पाय टेकतच नाहीत.