मोर्शीच्या खुल्या कारागृहाची मुळं

मोर्शी म्हटलं की आधी संत्री आठवतात. अमरावती जिल्ह्यातल्या त्याच संत्र्यांच्या मुलखात शासनाचं खुलं कारागृह, म्हणजे कडक पहाऱ्यापेक्षा विश्वासावर चालणारं कारागृह आहे. लांब सजेचे बंदी तिथे शेती करतात. या कल्पनेची एक मुळी आपल्या वर्ध्यापर्यंत जाते, हे मला फार मोलाचं वाटतं.

औंध संस्थानात ग्रामराज्य आणायचं ठरलं, तेव्हा राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन सल्ल्यासाठी सेवाग्रामला गांधीजींकडे आले होते. फ्रिडमन मूळचे पोलंडचे इंजिनिअर. आपल्याकडे ते भारतानंद झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९३९ मध्ये औंध संस्थानातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना तिथे माळरानावर शेती दिली, बायकामुलांना सोबत ठेवायची मुभाही दिली. पुढे संस्थान विलीन झालं, वसाहत मात्र टिकली. १९५० च्या दशकात उत्तर प्रदेशात तिथले नेते संपूर्णानंद यांनी कैद्यांना धरणाच्या कामावर नेलं. महाराष्ट्रात खुल्या कारागृहांचे स्वतंत्र नियम झाले १९७१ मध्ये. तेही १८९४ च्या इंग्रजी कारागृह कायद्याखालीच केलेले होते.

मोर्शीत कुणालाही सरसकट आणत नाहीत. बंद कारागृहात काही वर्षं काढलेले, वागणूक चांगली असलेले, अंगमेहनत झेपणारे बंदी समिती निवडते. सराईत गुन्हेगार वगळतात. इथे सजेत माफीही जास्त मिळते, म्हणून निवड व्हावी यासाठी बंदी वर्षानुवर्षं वागणूक जपतात.

सकाळची गिनती झाली की हातात विळा, खांद्यावर कुदळ घेऊन माणसं वावराकडे निघतात. ज्याला खुनाची सजा झाली, त्याच्या हाती शासनच विळा देतं. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात एका क्षणी हात उचलला गेला, पण त्याआधी आणि नंतरही जो शेतकरीच आहे, अशा माणसाला बराकीत कोंडून त्याची शेती विसरायला लावण्यात काय हशील? पिकवलेला भाजीपाला, धान्य कारागृहांच्या स्वयंपाकघरांना उपयोगी पडतं. आजूबाजूच्या वावरांतली माणसंही हे काम रोज पाहतात, आणि त्या पाहण्यातूनच भीती ओसरते.

खरी कसोटी मात्र बंद्याच्या स्वतःच्या गावात लागते. संचित रजेचा, म्हणजे सजेच्या काळात काही दिवस घरी जायच्या सुट्टीचा अर्ज केला की पोलिसांचा अहवाल मागवतात. चौकशी गावापर्यंत येते, पोलीस पाटलाला विचारतात, फिर्यादीच्या घरचं म्हणणंही पुढे येतं. रजा मंजूर झाली की माणूस घरी येतो. मुदत संपते त्या दिवशी पिशवी भरून, कुणी हाताला न धरता, तो मोर्शीच्या एसटीत बसतो.